पाय मऊ पडला

माझ्या सासऱ्यांचं खाकरणं मी जितकं कान देऊन ऐकलं तितकं आयुष्यात दुसरं काही ऐकलं नसेल. तेव्हाची रीतच होती. घरात सून आहे म्हटल्यावर सासऱ्यानं उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचं आणि आत सुनेनं पदर सावरून चुलीकडं सरकायचं. नवी नवरी होते तेव्हा मला त्या खाकरण्याची चीड यायची. भाकरी थापताना हातातलं पीठ तसंच पदराला लागायचं. पुढं मात्र असं झालं, की ते वेळेवर ऐकू आलं नाही तर माझ्या तोंडचं पाणी पळायचं. खाकरले म्हणजे माणूस आपल्या पायांवर उभा आहे. नाही खाकरले म्हणजे कुठंतरी पडलाय.

हे हसनाबादचं, सत्तरच्या दशकातलं. मोठा दुष्काळ सरून शेतात पुन्हा बाजरी दिसायला लागली होती. नवरा जालन्याला मस्तगडात एका कापडदुकानात नोकरीला होता. तिथंच खोली करून राहायचा आणि आठवड्याच्या सुटीला घरी यायचा. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. मूलबाळ अजून नव्हतं. म्हणजे घरात आम्ही दोनच माणसं, मी आणि सासरे, आणि दोघांच्या मध्ये कायम एक भिंत नाहीतर एक पदर. त्यांना मी मामा म्हणायचे. ते मला फारसं काही म्हणायचेच नाहीत. पाणी हवं असलं तर रिकामा तांब्या ओट्यावर ठेवताना जरा वाजवायचे.

मामा गावच्या तालमीचे वस्ताद होते. कुस्तीचे नव्हे, काठीचे. तरुणपणी ते काठी फिरवायला लागले की काठी दिसायची नाही, नुसता आवाज यायचा, असं लोक सांगत. मी आले तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण सकाळी तालमीत जाऊन पोरांना पवित्रे शिकवणं सुटलं नव्हतं. त्या तालमीत एक नियम होता. काठी खेळायची, टेकायची नाही. दम लागला, पाय मुरगळला, अंगात ताप भरला, काहीही झालं तरी काठीवर भार टाकायचा नाही. ज्यानं टेकली त्यानं तिथल्या तिथं आपली काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची. मग ती त्याची. मामांनी भल्याभल्यांच्या काठ्या अशा काढून घेतल्या होत्या. आमच्या आढ्याला त्यांची मोळीच्या मोळी बांधलेली होती आणि दर दिवाळीला ती झाडायचं काम माझ्याकडं असायचं.

ते पहिल्यांदा पडले ते माझ्या डोळ्यांदेखत. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. मामा न्हाणीतून बाहेर आले. एक पाय दगडावर होता, दुसरा खाली येत होता, आणि मध्येच त्यांच्या अंगाला कळेना की कुठल्या बाजूला जायचं. मी हाताच्या अंतरावर होते. राखेनं भरलेला माझा हात पुढं गेला आणि अर्ध्यात थांबला. सुनेनं सासऱ्याला हात लावायचा नाही, हे त्या घडीला मला कुणी सांगायची गरज नव्हती. हातालाच ते ठाऊक होतं. मामा कुशीवर पडले. धप्प असा आवाज झाला, ज्वारीचं पोतं टाकल्यासारखा. तो आवाज पुढं किती महिने माझ्या कानात राहिला ते सांगता येणार नाही.

"मामा!" मी ओरडले.

"काई न्हाई, काई न्हाई," ते म्हणाले. भिंतीला धरून उठले, धोतर झटकलं. तोंड पार उतरलेलं. "पाय मऊ पडला." मग जाता जाता, माझ्याकडं न बघता, "जालन्याला सांगू नको. पोरगं उगं पळत येईल."

पाय मऊ पडला याचा अर्थ मी माझ्या अकलेनं लावला. पाय मऊ म्हणजे हाडातला दम गेला. मी कंबर कसली. डिंकाचे लाडू केले, मेथीचे केले. करडीचं तेल कोमट करून वाटी ओट्यावर ठेवायला लागले, संध्याकाळी पाय शेकायला मिठाच्या गरम पाण्याची बादली. मामा निमूटपणे लाडू खायचे, निमूटपणे तेल चोळायचे. पुन्हा कधी उंबऱ्यावर अडखळले, कधी गल्लीतल्या उतारावर डगमगले, की घरी येऊन एवढंच म्हणायचे, "आज जरा पाय मऊ पडला," आणि माझ्याकडं बघत थांबायचे, जसं काही बोलणं अर्धंच झालंय. मला वाटायचं तेल कमी पडलं. मी वाटी मोठी केली.

माझ्या भीतीला कारण होतं. आमच्याच गल्लीत एक म्हातारे होते, गावात शिवणकाम करणारे. ते साध्या ओसरीवरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, त्या बांधलेल्याच राहिल्या. त्यांना कूस बदलता येईना, तेव्हा त्यांच्या बाजेची सुतळी मधोमध कापून तिथंच खाली भांडं ठेवायला लागले. पाठीला जखमा झाल्या. मी भाजी घेऊन जायचे तेव्हा ते माझा हात धरून म्हणायचे, "बाई, मला कूस बदलून दे गं." त्यांच्या सुनेचं तोंड वाळून गेलं होतं. होळीच्या आत ते गेले आणि गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सुटले बिचारे. मला धास्ती बसली ती तेव्हापासून. मामा सकाळी तालमीला निघाले की माझं अर्धं मन त्यांच्या मागं जायचं. भाकरी करपायच्या. बाहेर कुणाची गोणी पडली, कुणी लाकूड टाकलं, तरी मी पिठाच्या हातांनी दाराशी धावायचे. रागही यायचा. हा माणूस आपल्या पायानं चालत जाऊन त्या बाजेवर झोपणार आणि मग मी, जिला त्यांना हात लावायचा नाही, तिनं काय करायचं?

नवरा आला तेव्हा मी न सांगायचं ते सांगून टाकलं. तो हसला.

"माझा बाप वाघ हाय," तो म्हणाला. "एखाद्या वख्ती घसरतो मान्साचा पाय."

"वाघालाबी खुबा असतो म्हटलं," मी म्हणाले. "एक मुठीची काठी घेऊन या जालन्याहून. चांगली मजबूत."

"ते घेनार न्हाईत."

"तुमी आना तर."

त्यानं आणली. चांगली शिसवी मुठीची होती. मी ती सकाळी ओट्यावर मामांच्या पागोट्याशेजारी उभी करून ठेवली आणि दाराआडून बघत राहिले. मामांनी काठीकडं बघितलं, दाराकडं बघितलं, पागोटं उचललं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर काठी नव्हती. मला वाटलं, जिंकले. मागं पाणी टाकायला गेले तर काठी दोडक्याच्या वेलाजवळ जमिनीत रोवलेली, मूठ खाली आणि टोक वर, आणि वेल तिच्यावर चढवून दिलेला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

"वेलाला आधार पाह्यजे व्हता," संध्याकाळी ओट्यावरून आवाज आला. "बराबर बसली."

त्या वर्षी आम्ही दोडकी खाऊन खाऊन कंटाळलो.

मग एका दुपारी त्यांच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी खाकरणं ऐकू आलं नाही. मी ओट्यावर बघितलं, तालमीकडं नजर टाकली, न्हाणीत डोकावले. चप्पल न घालताच मागं पळाले. दुष्काळात बैल गेल्यापासून गोठा रिकामाच होता. दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं तेव्हा आत मामा जमिनीवर असणार याची मला इतकी खात्री होती, की ते उभे दिसले तरी मला आधी कळलंच नाही.

ते एका पायावर उभे होते. एक हात गव्हाणीच्या कडेवर, दुसरा पाय गुडघ्यातून वर उचललेला. ओठ घट्ट मिटलेले. मग तो पाय त्यांनी इतका हळू पुढं टाकला, आधी टाच, मग चवडा, मग सगळा भार, की एका पवित्र्यात माझी एक भाकरी भाजून झाली असती. पोरांकडून हेच ते डोळ्याचं पातं लवायच्या आत करून घेत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. खाकरायला त्यांना उशीर झाला होता आणि पदर घ्यायला मला. दोघंही तसेच उभे राहिलो.

"तालमीत पोरं बघत्यात," शेवटी ते म्हणाले. "म्हनून हितं करून राह्यलो."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. गव्हाणीची कड वाळवीनं खाल्लेली होती, तिच्यावर भार टाकून हे उभे! कोपऱ्यात गुरांमागची जुनी काठी पडली होती. मी ती उचलली आणि दोन्ही हातांनी आडवी धरून त्यांच्यापुढं उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं देव जाणे. मामांनी बराच वेळ त्या काठीकडं बघितलं. काठी टेकायची नव्हती. धरायला मात्र कुणी मनाई केली नव्हती. त्यांनी गव्हाण सोडली आणि काठीचं दुसरं टोक धरलं.

तेव्हापासून रोज दुपारी, गाव झोपलेलं असताना, आमची तालीम सुरू झाली. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. ते पाय उचलायचे, मी काठी घट्ट धरायचे. ते वळायचे, मी त्यांच्यासोबत वळायचे. त्यांना हात न लावता त्यांचा तोल मला माझ्या मनगटात कळायला लागला. डावीकडं गेले, उजवीकडं गेले, आता सावरले. पुढं ते मलाही शिकवायला लागले, कारण शिकवल्याशिवाय त्यांना राहवतच नसे.

"पायाकडं बघू नको. पायाकडं बघितलं की पाय लाजतो. समोर खुंटा हाय, त्याच्याकडं बघ."

"मामा, मला कुठं दंगल खेळायची हाय?"

"उभं तर राह्यचं हाय ना?"

महिन्याभरात फरक दिसला. जमिनीवरून उठताना त्यांना भिंत लागेना. गल्लीचा उतार ते न थांबता उतरायला लागले. मला बरं वाटायला हवं होतं, पण दसरा जवळ येत होता आणि माझी झोप उडाली होती. दसऱ्याला सोनं लुटायला जाण्याआधी मारुतीपुढच्या मैदानात वस्तादाची सलामी असायची. दोन्ही तळहातांवर काठी डोक्यावर आडवी धरायची, एक गुडघा छातीपर्यंत उचलायचा आणि एका पायावर थांबून सलामी द्यायची. अशी चारी दिशांना. अख्खं गाव बघायला यायचं. गोठ्यात मी काठी धरलेली असायची. तिथं मैदानात त्यांच्याजवळ धरायला काय होतं? त्यांच्या हातातली काठीच तेवढी, आणि ती तर डोक्यावर.

दसऱ्याच्या आधी त्यांचा जुना दोस्त आला, पिंपळगाव रेणुकाईचा, सलामीला हलगी वाजवणारा. दोघं ओट्यावर बसले. मी आतून चहा सरकवला आणि दाराआड बसून भाजी निवडत होते. दोस्ताला गोष्टी सांगायचा भारी सोस. दाराकडं तोंड करून, मला ऐकू येईल असं रझाकारांच्या वेळचं सांगायला लागला.

"आमी दोघं ज्वारीत लपलो व्हतो. बांधावरून घोडी चालल्याली. तुमचा हा वस्ताद माझ्या कानात काय म्हनला ठावं हाय का? म्हनला, पाय मऊ पडलाय माझा!" आणि तो हसत सुटला.

मामा हसले नाहीत. लागलीच उठून पान आणायला गेले.

मी दाराआडून विचारलं, "काका, तेव्हापासूनच त्यांचे पाय दुखत्यात का?"

"पाय? पायाला काय धाड भरली!" तो म्हणाला. "तालमीतली बोली हाय ती, बाई. तालमीत भ्यालो म्हनायचं न्हाई. वस्ताद कानफटात द्यायचा. मंग मानूस म्हनतो, पाय मऊ पडला. भेव वाटून राह्यलं की पाय मऊ."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. न्हाणीपाशी, उंबऱ्यावर, उतारावर, प्रत्येक वेळी हा माणूस घरी येऊन मला सांगत होता की मला भीती वाटते. त्यांच्याजवळ त्यासाठी एवढाच शब्द होता आणि ऐकायला मी एकटीच. आणि मी त्यांना तेलाची वाटी देत होते. मला वाटायचं घरात घाबरट मी एकटीच आहे. मला इतकी लाज वाटली आणि त्यांची इतकी दया आली, की चूल पेटवायच्या निमित्तानं धुरात जाऊन बसले आणि पोटभर रडले.

खंडेनवमीला आढ्याची मोळी खाली उतरली. सगळ्या काठ्यांना तेल लावून, हळदकुंकू वाहून पूजेत मांडल्या. त्या दिवशी काठीला हात लावत नाहीत. दुपारी आम्ही गोठ्यात गेलो खरे, पण मध्ये काठी नव्हती. मामा गव्हाणीला धरून उभे राहिले आणि मी लांब दाराशी.

"मामा," मी म्हणाले, "उद्याची सलामी नका देऊ."

"द्यावी लागंल."

"मंग एक ऐका. पाय मऊ पडला तर टेका."

त्यांनी चमकून बघितलं. तो शब्द मी पहिल्यांदाच बरोबर वापरला होता, हे त्यांना कळलं.

"काठी टेकू? गावासमोर?"

"टेका. तुमी पडलात तर मला हात लावता यायचा न्हाई."

ते गव्हाण सोडून बाहेर निघून गेले. रात्री आम्ही दोघंही धड जेवलो नाही.

दसऱ्याला मैदान भरून गेलं होतं. बायका मारुतीच्या पाराशेजारी बसल्या होत्या, मी पुढं. नवरा आला होता, पुरुषांत छाती काढून उभा. हलगी सुरू झाली. मामा पांढरंशुभ्र धोतर नेसून मैदानाच्या मधोमध आले आणि काठी डोक्यावर गेली. पूर्वेला गुडघा उचलला, थांबले, खाली ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी मूठ रिकामीच आवळलेली होती, जशी काही काठी तिच्यात होती. पश्चिमेलाही झालं. दक्षिणेला वळले तेव्हा ते माझ्या समोर आले आणि मला दिसलं की ते समोर बघत नाहीयेत, पायाकडं बघतायत. गुडघा वर गेला. उभा पाय थरथरला, आधी घोट्यात, मग मांडीत. अंग डावीकडं झुकलं. शेजारची बाई "अगं बाई" म्हणाली. मला ती बाज दिसली, मधोमध कापलेली.

आवाज झाला तो टक्. धप्प नाही. नुसतं टक्.

मामांनी काठी टेकली होती. दोन्ही हातांनी तिच्यावर भार टाकून, मान खाली घालून ते उभे होते. हलगी थांबली. तालमीची पोरं एकमेकांकडं बघत होती, कारण नियम सगळ्यांना माहीत होता. आता वस्तादाची काठी कुणाला मिळणार? एक दोघं नकळत पुढंही सरकले.

मामांनी श्वास घेतला, काठी उचलली आणि चालायला लागले, बायकांच्या दिशेनं.

"वस्ताद, तिकडं कुठं?" कुणीतरी म्हणालं.

ते माझ्यापुढं येऊन थांबले. सवयीनं खाकरले. मी पदर सावरून उठले. त्यांनी काठी आडवी माझ्यापुढं धरली.

"धर," ते म्हणाले. "टेकली मी. आता तुझी."

मी काठी घेतली. ती हातातून गेली आणि तो माणूस भर मैदानात, भिंत नाही, गव्हाण नाही, असा मोकळा उभा राहिला. मी विचार केला नाही. काठीचं एक टोक धरलं आणि दुसरं त्यांच्यापुढं केलं. साऱ्या गावासमोर त्यांनी ते धरलं. नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. आम्ही घराकडं निघालो, मी पुढं, ते मागं. लोकांनी वाट दिली.

मैदान संपून गल्लीचा उतार लागला तेव्हा माझ्या तळहाताला थरथर जाणवली. ती काठीतून येत होती. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

"पोरी," मागून आवाज आला, "पाय मऊ पडलाय."

"माझाबी, मामा."

काठीवरची त्यांची पकड घट्ट झालेली मला कळली.

"मंग हळू चाल," ते म्हणाले.